दुसरं कोकरू

मेंढीच्या कासेला सड दोन असतात. तरीही दख्खनच्या पठारावरची काळी मेंढी पिढ्यान्‌पिढ्या एका वेताला एकच कोकरू देत आली आहे. जुळं होतं, पण इतकं क्वचित की चार वाड्यांवर त्याची चर्चा व्हावी. गेल्या दोन-तीन दशकांत फलटण परिसरातल्या काही खांडांत ही रीत बदलली आहे. तिथल्या काही मेंढ्या वेताला दोन कोकरं देतात, त्यांच्या लेकी दोन देतात आणि लेकींच्या लेकीही देतात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘वारसा’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा वाडे, दागिने आणि घराणी यांच्याआधी मला ही मेंढी आठवली. तिचा वारसा जनुकातल्या एका अक्षराचा आहे. तो बंगालच्या खाडीकाठच्या चिखलातून आला, मधल्या काळात त्याचा एक फाटा ऑस्ट्रेलियात जाऊन नावारूपाला आला आणि साताऱ्याच्या माळावर तो मुद्दाम, विचार करून आणला गेला. तो इथे कसा नांदतो आहे, हे पाहायला मी फलटणला गेले.

वाड्यावर

फलटणहून लोणंदकडे निघालं की बराच वेळ ऊस सोबत करतो. कालव्याचं पाणी जिथे पोचत नाही तिथे माळ सुरू होतो आणि धनगरांच्या वस्त्या दिसू लागतात. सकाळची वेळ होती. खांड अजून जाळीच्या वाघरीतच होतं. चरायला सोडण्याआधी कोकरांना पाजायचं असतं, आणि वाड्यावरचा सगळ्यांत गडबडीचा वेळ तोच. शंभरभर माद्या एकदम ओरडतात, कोकरं त्याहून वरच्या पट्टीत उत्तर देतात, आणि त्या गलक्यात प्रत्येक आई आपलं लेकरू वासावरून शोधून काढते.

घरातली सून एका मेंढीचा मागचा पाय गुडघ्यांत धरून बसली होती. डाव्या हाताने तिने बारकं कोकरू सडाला लावलं होतं. त्याचं थोराड भावंड तेवढ्यापुरतं डालग्याखाली झाकून ठेवलं होतं, आणि त्याने आतून आकांत मांडला होता.

“ह्येला आधी पाजावं लागतंय, ताई. त्येला सोडलं की त्यो ह्येला जवळ येऊ देत न्हाई,” ती म्हणाली. “दोन झाली की पैले पंधरा दिस मला दुसरं काम सुचत न्हाई. तेवढं निगालं की मग पळत्यात आपली आपण.”

पहिलारू मेंढी दुसऱ्या कोकराला कधीकधी नाकारते. पहिल्याला चाटून कोरडं करण्यात ती गुंतलेली असते, तोवर दुसरं दोन हात लांब पडलेलं असतं. त्याचा वास तिच्या ओळखीचा व्हायचं राहून गेलं तर नंतर ती त्याला ढुसण्या देते. म्हणून वाड्यावरच्या बायका व्यायलेल्या मेंढीजवळ थांबून दोन्ही कोकरं तिच्या तोंडापुढे आणतात आणि पहिल्या काही तासांतच दोघांच्या पोटात चीक जाईल असं बघतात. एवढं करूनही दूध कमी पडलंच तर खांडातल्या शेळ्या असतात. मेंढरांत चार शेळ्या पाळायची धनगरांची जुनी पद्धत आहे. ते दूध घरालाही होतं आणि कोकरांनाही.

त्या मेंढीकडे मी बराच वेळ पाहिलं. वेगळं काहीच दिसत नव्हतं. तीच राठ काळी लोकर, तोच बांधा, तेच कोरड्या गवतावर भागवणं. म्हाताऱ्या आबांनी माझ्या मनातलं ओळखलं. “बाजारात हुबी केली तर कुनाला कळायचं न्हाई. आपल्याच मेंढीवानी हाय. फकस्त व्यायला लागली की कळतंय.”

त्यांचं हे वाक्य म्हणजे या सगळ्या प्रयोगाची कसोटी आहे. मेंढी दिसायला, चालायला, उपाशी राहायला दख्खनीच हवी. फक्त व्यायला वेगळी. हे साधायला किती वर्षं लागली, ते कळण्यासाठी जरा पूर्वेला जावं लागेल.

सुंदरबनातली ठेंगणी

गंगेच्या मुखाशी, पश्चिम बंगालच्या सुंदरबनात, गॅरोल नावाची मेंढी आहे. पूर्ण वाढलेल्या मादीचं वजन दहा ते पंधरा किलोच्या घरात, म्हणजे आपल्या दख्खनी मेंढीच्या निम्मं. भातखाचरांच्या बांधांवर आणि खाऱ्या दलदलीत ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. ओल्या जमिनीत इतर मेंढ्यांचे खूर सडतात, पोटात जंत होतात. ही मात्र तिथे टिकते. तिथे आपल्यासारखी मोठी खांडं नसतात. गरिबाच्या दाराशी दोन-चार मेंढ्या, एवढाच पसारा. आणि ती व्याली की बहुधा दोन कोकरं होतात, कधीकधी तीन.

तिच्या पाळणाऱ्यांनी हा गुण कुठल्याही वहीत नोंदवला नव्हता. मेळघाटपासून मंगळवेढ्यापर्यंतच्या आपल्या पशुपालकांप्रमाणेच, जे जनावर आपल्या चिखलात, आपल्या चाऱ्यावर दोन जीव वाढवतं ते राखायचं, एवढंच त्यांनी शतकानुशतकं केलं. त्यांची नावं कुठेच नाहीत. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी ज्या जनुकावर शेकडो शोधनिबंध लिहिले, ते या लोकांच्या अंगणात टिकून राहिलं, हे मला सुरुवातीलाच सांगून टाकावंसं वाटतं.

१७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाच्या नव्या वसाहतीकडे निघालेल्या जहाजांवर बंगालच्या मेंढ्या चढवल्या गेल्या. तिथल्या लोकांना मांस हवं होतं. या मेंढ्या खूप व्यायच्या, अशी नोंद त्या काळच्या कागदपत्रांत सापडते. पुढे मरिनो आली, तिच्या लोकरीपुढे बाकी सगळं मागे पडलं, आणि बंगालची मेंढी कळपांच्या रक्तात विरघळून गेली.

दीडशे वर्षांनंतर न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या मेंढीफार्मवर सीअर्स आडनावाचे दोन भाऊ जुळ्या-तिळ्यांची मरिनो निवडून वाढवत होते. १९५८ मध्ये त्यांनी तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला, सीएसआयआरओला, एक मेंढा भेट दिला. तो मेंढा पाच कोकरांच्या वेतातला होता. संस्थेत त्याची दखल घेणारी बाई होती हेलन न्यूटन टर्नर. शिक्षणाने वास्तुविशारद, संस्थेत सचिव म्हणून आलेली, आणि संख्याशास्त्र शिकून मेंढीच्या आनुवंशिकतेतली जगन्मान्य अधिकारी झालेली. तिने या फार्मवरची जनावरं मिळवली, जपली आणि नोंदी ठेवल्या. त्या नोंदींच्या बळावर लॉरी पायपर आणि बर्नी बिंडन यांनी १९८०च्या सुमारास मांडलं की इथे अनेक लहान जनुकांची बेरीज दिसत नाही. एकच मोठं जनुक काम करतं आहे.

हे म्हणणं त्या काळी धाडसाचं होतं. कोकरांच्या संख्येवर वारशाचा प्रभाव फार थोडा असतो, साधारण दहावा हिस्सा. बाकी सगळं चारा, वय, हंगाम आणि नशीब. जुळं देणाऱ्या मेंढीचीच पिल्लं राखत गेलात तर सरासरी सरकते, पण इतकी हळू की एका मेंढपाळाच्या हयातीत फरक जाणवू नये. आपल्या धनगरांनी जुळ्यांसाठी निवड का केली नाही, असं विचारणाऱ्यांना याहून सरळ उत्तर नाही. निवडण्याजोगं जनुकच खांडात नव्हतं.

एक अक्षर

मेंढी साधारण सतरा दिवसांनी माजावर येते. त्या वेळी तिच्या बीजकोशात अनेक पुटकं वाढू लागलेली असतात. प्रत्येकात एक स्त्रीबीज. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येणारं संप्रेरक त्यांना वाढवतं. एक पुटक पुढे जातं, पुरेसं इस्ट्रोजेन सोडतं, वरून येणारा पुरवठा आटतो आणि मागे राहिलेली पुटकं विरून जातात. एक बीज सुटतं, एक कोकरू होतं.

पुटकाच्या आतल्या पेशींवर एक ग्राहक-प्रथिन असतं. बीजाकडून आणि शेजारच्या पेशींकडून येणारे ‘अजून थांब, अजून वाढ’ असे निरोप ते घेतं. २००१ मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंडमधल्या तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिलं की बुरूला मेंढीत याच ग्राहकाच्या जनुकात एका अक्षराचा बदल आहे. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर ‘ए’च्या जागी ‘जी’ आलं आहे. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन बसतं. थांबवणारा निरोप कमी ऐकू येतो आणि पुटकं लहानपणीच पिकतात. रांजण एका घागरीने भरण्याऐवजी दोन-तीन तांब्यांनी भरावा, तसं काहीसं होतं: इस्ट्रोजेन एकूण तेवढंच, पण ते देणारी पुटकं दोन किंवा तीन, आणि प्रत्येकातून एक बीज.

या जनुकाचं नाव ‘फेक-बी’. त्यातला ‘बी’ बुरूलाचा. पुढच्याच वर्षी आठ देशांतल्या बहुप्रसव मेंढ्यांचं रक्त तपासलं गेलं तेव्हा गॅरोलमध्ये नेमका हाच बदल सापडला. जावाच्या मेंढीतही तो होता. आज तो चीनच्या हू आणि आखूड शेपटीच्या हान मेंढीतही माहीत आहे. कलकत्त्याच्या जहाजांची गोष्ट तोवर तर्क होती. आता तिला रक्ताची साक्ष मिळाली.

मेंढीतली सगळीच जुळी या एका अक्षराची नसतात. न्यूझीलंडमध्ये ए-२८१ या क्रमांकाच्या एका रोमनी मेंढीने अकरा वेतांत तेहतीस कोकरं दिली. तिच्या वंशात सापडलेला बदल एक्स गुणसूत्रावर आहे आणि त्याचा स्वभाव विलक्षण आहे. त्याची एक प्रत मिळाली तर मेंढी जास्त व्यायची. आई आणि बाप दोघांकडून मिळाली तर बीजकोश वाढतच नाही आणि मेंढी कायमची वांझ राहते. ‘फेक-बी’ असा दगा देत नाही. दोन प्रतींची मेंढी व्यवस्थित गाभण राहते, आणि दोन प्रतींचा मेंढा तर मेंढपाळाच्या दृष्टीने सोनंच, कारण त्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत जाणार म्हणजे जाणार.

फलटणचं काम

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू केली. मराठी वाचकाला हे घर दुसऱ्या बाजूनेही माहीत आहे: त्यांच्या पत्नी जाई निंबकर लेखिका, इरावती कर्व्यांच्या कन्या. संस्थेच्या पशुसंवर्धन विभागाचं काम कन्या चंदा निंबकर यांनी वाढवलं. नात्यांची आणि वंशांची मांडणी करण्यात आयुष्य घालवलेल्या इरावतीबाईंच्या नातीने मेंढ्यांच्या वंशावळी लिहाव्यात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

१९९०च्या दशकात गॅरोल फलटणला आणली गेली. तेव्हा अक्षर सापडलेलं नव्हतं आणि रक्ताची तपासणीही नव्हती. दख्खनीशी गॅरोलचा संकर केला तर लेकी जास्त व्यायच्या, पण अंगाने लहान. असं जनावर धनगर घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे; कोकराचा भाव अंगावर ठरतो. त्यामुळे काम उलट दिशेने करायचं होतं. संकरातली जनुक असलेली जनावरं निवडायची, त्यांना पुन्हा दख्खनीच्या लोणंद वाणाशी मिळवायचं, पुन्हा निवडायचं. दर पिढीला गॅरोलचा अंश निम्मा होत जातो. एक अक्षर तेवढं हातून सुटू द्यायचं नाही. बांधा आणि मांस यांसाठी कर्नाटकातली बन्नूर आणि दुधासाठी इस्रायलची अवासी यांचंही रक्त काही ओळींत घातलं गेलं.

सांगायला सोपं आहे. अडचण अशी की मेंढा व्यात नाही. त्याच्यात जनुक आहे की नाही हे कळायला त्याच्या लेकी मोठ्या होऊन व्याव्या लागतात, आणि तोवर दोन-अडीच वर्षं जातात. एका प्रतीची मेंढीदेखील दर वेळी जुळंच देते असं नाही. माद्यांच्या पोटात दुर्बीण घालून बीजकोशावर किती बीजं सुटल्याच्या खुणा आहेत ते मोजता येतं, पण खांडच्या खांड असं तपासणं जिकिरीचं. २००१ नंतर हे बदललं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने रक्तातून डीएनए तपासता येऊ लागला. कोकराच्या मानेतून थोडं रक्त घेतलं, जनुकाचा तुकडा वाढवला, विकराने कापला आणि जेलवर पट्ट्या पाहिल्या की कळतं: एकही प्रत नाही, एक आहे, की दोन. ऑस्ट्रेलियातली न्यू इंग्लंड आणि मेलबर्न ही विद्यापीठंही या कामात सोबत होती. २००८च्या नोव्हेंबरमध्ये ‘फेक-बी’वरचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद पुण्यात भरला, तोही हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मरणार्थ. बंगालचं जनुक, ऑस्ट्रेलियाचं नाव आणि चर्चा पुण्यात.

या मेहनतीतून उभी राहिलेली मेंढी म्हणजे ‘नारी सुवर्णा’. एका प्रतीच्या मेंढ्यांची सरासरी दर वेताला साधारण दीड जिवंत कोकराच्या आसपास राहते, म्हणजे ढोबळमानाने निम्म्या वेतांना जुळी. दुसऱ्या प्रतीने त्यात फार मोठी भर पडत नाही. तिळी होतात, पण कमी. मरिनोत हेच जनुक एका प्रतीला बीजांची संख्या दीडने वाढवायचं. तिथे तिळी-चौळी होऊन कोकरं मरायची. लहान अंगाच्या दख्खनीत त्याचा जोर आपोआप माफक राहिला, आणि हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोठा लाभ आहे, असं मला वाटतं.

ऑस्ट्रेलियात बुरूला व्यवसाय म्हणून फारशी पसरली नाही. तिथे हजारो मेंढ्या कुंपणाच्या विस्तीर्ण रानात माणसाविना वितात. अशक्त तिसऱ्या कोकराला उचलायला कुणी नसतं. आपल्याकडे मेंढी व्याली की जवळ माणूस असतो, आणि बहुतेक वेळा ती बाई असते. जनुकाने बीज दिलं तरी दुसऱ्या कोकराला जगवणारे हात वाड्यावर आहेत. धनगरांचा हा चोवीस तासांचा सहवास कुठल्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरला जात नाही, पण तो नसता तर ‘नारी सुवर्णा’ फलटणमध्येही कागदावरच राहिली असती.

पोटातले शेवटचे दीड महिने

गाभण काळ पाच महिन्यांचा. त्यात पहिले साडेतीन महिने कोकरू अगदी हळू वाढतं; जन्माच्या वजनातला मोठा भाग शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो. पोटात दोन असली तर याच दिवसांत मेंढीची ओढाताण होते. पोटात जागा कमी, म्हणून चारा कमी जातो, आणि गरज मात्र वाढलेली. खायला पुरेसं नसेल तर ती अंगातली चरबी जाळू लागते, मलूल होते, आणि कधी आईच हातची जाते. म्हणून जुळ्याच्या मेंढीला या दिवसांत मूठभर मका, थोडी पेंड आणि बाभळीच्या शेंगा असं काहीतरी वरकड लागतं. ज्या घरांनी हे केलं त्यांच्याकडे दुसरं कोकरू तगलं.

मुक्कामी खांडात हे जमतं. पण या भागातले कितीतरी धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघतात, काही घाट उतरून कोकणात जातात. रोज नवा मुक्काम, कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. वाटेत व्यालेल्या मेंढीची कोकरं घोडीच्या पाठीवरच्या ओझ्यात, भांडी-कोंबड्यांच्या शेजारी बांधून नेतात. एक कोकरू असं नेता येतं. दहा मेंढ्यांना दोन-दोन झाली तर घोडी अपुरी पडते.

“वाटंवर मला येकच बरं,” शेजारच्या वस्तीवरची एक वयस्कर बाई मला म्हणाली. “हितं हाय तोवर दोन होऊ द्या.”

तिचं म्हणणं मला संशोधनाइतकंच महत्त्वाचं वाटलं. हे जनुक सगळ्यांना, सगळीकडे द्यावं असं नाही. ज्याच्या घरी चारा आहे, माणसं आहेत आणि मुक्काम स्थिर आहे, त्याच्याकडे ते उत्पन्न वाढवतं. काळ्या लोकरीला आज भाव उरलेला नाही, घोंगड्यांची मागणी आटली. धनगराचं उत्पन्न आता तीन-चार महिन्यांच्या नर कोकरांवरच आहे. मेंढ्यांची संख्या वाढवायला चराऊ रान राहिलेलं नाही. तेवढ्याच मेंढ्यांतून जास्त कोकरं, हाच एक रस्ता मोकळा आहे.

बाजारात

याच्या नेमकी विरुद्ध ओढ लोणंदच्या बाजारात दिसते. व्यापारी खांडात हात घालतो तो थोराड नराकडे. जत भागातल्या माडग्याळ मेंढीचं, तिच्या पोपटासारख्या वाकड्या नाकाचं आणि उंच बांध्याचं आकर्षण सगळ्या दक्षिण महाराष्ट्रात आहे. चांगल्या माडग्याळ मेंढ्याला थक्क करणारे भाव मिळतात. एका बाजूला ‘मोठं’, दुसऱ्या बाजूला ‘दोन’, आणि मेंढपाळ मध्ये.

यात एक अदृश्य धोका आहे. एकटं जन्मलेलं कोकरू जुळ्यापेक्षा जड असतं आणि सगळं दूध त्यालाच मिळतं. चार महिन्यांनी रांगेत उभी केली तर तेच उठून दिसतं. मेंढपाळ डोळ्यांनी पुढचा पैदाशीचा मेंढा निवडू लागला की साहजिकच त्यालाच राखणार. म्हणजे नुसत्या नजरेच्या निवडीने जनुक खांडातून हळूहळू बाहेर पडणार, आणि ते गेल्याचं तीन-चार वर्षांनी जुळी कमी झाल्यावर कळणार. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने गॅरोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या संकरातून ‘अविशान’ ही जुळी देणारी मेंढी उभी केली आहे. तिथेही मेंढा राखताना डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. रक्ताची तपासणी मेंढपाळाच्या आवाक्यात, त्याच्या तालुक्यात आणि वेळेवर होणं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

निघताना आबांनी मला दोन नर कोकरं दाखवली. एक एकट्याचं, भरलेलं. त्याच्यासाठी व्यापारी दोनदा येऊन गेला होता. दुसरं जुळ्यातलं, पाठीने अरुंद. त्याची आई एका प्रतीची, बाप संस्थेचा, दोन प्रतींचा. म्हणजे त्याच्यात एक प्रत नक्की. दुसरी आली असेल तर त्याच्या सगळ्या लेकी जुळ्याचं जनुक घेऊन जन्मतील; नसेल तर निम्म्याच. त्याचं रक्त तपासायला गेलं होतं.

“थोरला दिला त्येला,” आबा म्हणाले. “ह्येचा कागद येऊ द्या. दोन निगाली तर ह्यो खांडात ऱ्हाईल. येक निगाली तर शेजारच्याचा मेंढा मागून घेतो औंदा.”